सोमवारच्या खणातल्या दोन पोकुआ

पोकुआंच्या घरचे लोक चार वाजता येणार असल्याचा निरोप आला तेव्हा दोन वाजले होते आणि सेरवा जेवत होती. निरोप ऐकून तिने हातातला फुफूचा घास सुपात बुडवला, गिळला, आणि मगच मान वर केली.

"किती जण?"

"पाच," तिचा मुलगा न्यार्को म्हणाला. "त्यांच्या बाजूनं न्सिया बोलणार आहे. म्हातारी स्वतः येतेय. नातही."

"न्सियाला आणतायत म्हणजे गप्पा मारायला येत नाहीयेत. क्वाबेना, तू आधी जेवून घे. उपाशी पोटी तू नको ते बोलतोस."

तिचा धाकटा भाऊ, डॉक्टर क्वाबेना अम्पोन्सा, जेवत नव्हता. चर्चमधून आल्यापासून त्याने अंगावरचे पांढरे वस्त्रही सोडले नव्हते. बाहत्तर वर्षांच्या माणसाला जेव म्हणून सांगावे लागते याचे सेरवाला काही वाटले नाही. ती त्याला तो सहा वर्षांचा असल्यापासून सांगत आली होती.

त्याच्या ताटाशेजारी दोन कार्डे पडली होती. दोन्हींवर नाव एकच होते, अजोआ पोकुआ. एक कार्ड जुने, कडा मऊ पडलेले, ते आजीचे. दुसरे तिच्या तेवीस वर्षांच्या नातीचे. नातीला आजीचे अख्खे नाव दिले होते, आणि जन्मही नेमका सोमवारचाच, म्हणून दोघीही अजोआ, सोमवारी जन्मलेल्या मुलीचे नाव. एकेचाळीस वर्षे डॉक्टर रुग्णांची कार्डे जन्मवाराच्या सात खणांत ठेवत आले होते. या गावात माणूस राहते घर बदलतो, चर्च बदलतो, वय तर दर खेपेला वेगळे सांगतो. पण आपला वार कुणी विसरत नाही. ही पद्धत त्यांनी स्वतः शोधली होती आणि तिचा त्यांना थोडा अभिमानही होता.

"बाबा, पुन्हा सांगा," अडोमा म्हणाली. डॉक्टरांची मुलगी, कुमासी शहरात डॉक्टर होती आणि शनिवार-रविवारसाठी आली होती. "सुरुवातीपासून. आणि 'बहुतेक' हा शब्द न वापरता."

"मग फारसं काही उरत नाही."

"जे उरेल ते सांगा."

डॉक्टरांनी जुन्या कार्डावर बोट ठेवले. "दहा दिवसांपूर्वीचा गुरुवार. म्हातारीच्या कार्डावर मी मधुमेहाच्या तीस गोळ्या लिहिल्या. अक्षर माझं आहे. पण आज चर्चमध्ये ती मला म्हणाली, भावाच्या अंत्यविधीसाठी दोन आठवडे कुमासीला होते, शुक्रवारी परत आले. म्हणजे त्या गुरुवारी ती माझ्यासमोर नव्हती. नातीच्या कार्डावर त्या दिवशी काहीच नाही. आणि रक्तवाढीच्या गोळ्या न्यायला नात दर महिन्याला येते."

"आणि तीन दिवसांनी ती चर्चमध्ये पडली," अडोमा हळूच म्हणाली.

"हो. रविवारी."

"ती उपास करत होती. जिल्ह्याच्या डॉक्टरांनीही तेच कारण दिलं."

"प्रार्थनेचा उपास सगळ्या तरुण मंडळीनं केला होता. पडली ती एकटी."

"चेहरा आठवत नाही?"

डॉक्टरांनी डोळे मिटले. समोरच्या खुर्चीत कुणीतरी बसले होते. त्यांनी नाव विचारले होते. सोमवारचा खण ओढला होता. पंखा बंद होता, वीज गेली होती, एवढे नक्की आठवत होते. खुर्चीत मात्र कधी म्हातारी दिसे, कधी मुलगी, आणि एकदा तर दोघीही नसून सेरवाच बसलेली दिसली.

"नाही आठवत," ते म्हणाले.

अडोमाने मान वळवली. "दादा, गुरुवारी औषधाच्या खिडकीत तू होतास ना?"

"दिवसाला साठ पुड्या जातात खिडकीतून," न्यार्को म्हणाला. "मला काय स्वप्न पडतं कोण आलं होतं त्याचं?"

"साधं विचारलं. एवढं चिडायचं कारण?"

"तू साधं कधी विचारतेस?"

"पुरे," सेरवा म्हणाली. नाताळात या दोघांत जे झाले त्यानंतर प्रत्येक वाक्याला हीच धार येत होती. दवाखाना मामामागे भाच्याकडेच जाणार, आईच्या रक्ताची रीत तीच. पण अडोमाने त्या दिवशी सगळ्यांसमोर विचारले होते, की रीत रुग्ण तपासते का? न्यार्को डॉक्टर नव्हता. सेरवाने ते वाक्य अजून गिळले नव्हते. आत्ता मात्र तिला भांडणापेक्षा येणारे पाहुणे दिसत होते. "माझं ऐका. मागच्या दारानं मेंढ्या विकणाऱ्या बोआटेंगकडे कुणाला तरी पाठवा. मेंढा आणि तीसेक अंडी. ते बसले रे बसले की आपण आधी क्षमा मागायची. क्षमा मागितलेली गोष्ट गावच्या प्रमुखांच्या दरबारात जात नाही."

"आत्या, मेंढा दिला म्हणजे आपण कबूल केलं."

"केलंच असेल तर?"

"केलंय का तेच माहीत नाही! बाबांचा परवाना जाईल. खात्री झाल्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही."

सेरवाला आश्चर्य वाटले. शिकलेली मुलगी खरे बोलून टाका म्हणेल आणि आपल्याला तिला आवरावे लागेल, अशी तिची तयारी होती. इथे उलटेच चालले होते, आणि आता आपण कोणत्या बाजूला आहोत ते तिचे तिलाच कळेना.

डॉक्टर उठले. "मी आत्ताच जातो त्यांच्याकडे. उरलेली पुडी त्या घरात आहे. बाकी काही असो."

सेरवा त्यांच्याआधी दारात पोचली. या वयात ती एवढी चपळ होती हे कुणाच्या लक्षात नव्हते. "येतो म्हणून निरोप धाडलेल्या लोकांच्या दारात जाणार? त्यापेक्षा थुंक त्यांच्या अंगणात."

"बाबा, बसा," अडोमाही म्हणाली. "तिला काही होत असतं तर त्यांनी चारचा निरोप दिला नसता, धावत आले असते. दोन तासांचा प्रश्न आहे."

अशा रीतीने आत्या आणि भाची एका बाजूला झाल्या, आणि डॉक्टर बसले. आपण का बसलो हे त्यांना नंतर पुष्कळ दिवस कळले नाही.

*

न्यार्को व्हरांड्यात खुर्च्या मांडत होता. पाच समोर, चार इकडे. एक खुर्ची डुगडुगत होती ती त्याने स्वतःसाठी ठेवली.

त्याला हात आठवत होता.

चोरी झाल्यापासून औषधाच्या खिडकीला वरून पत्रा ठोकला होता. खाली वीतभर फट होती. तिथून फक्त हात आत येत. त्या गुरुवारी आलेला हात तरुण होता, नखांना गडद लाल रंग. कार्डावर मधुमेहाच्या गोळ्या, नाव पोकुआ. त्याने मनाशी म्हटले, नात आली आजीच्या गोळ्या न्यायला. त्यात नवल ते काय? गावातली प्रत्येक म्हातारी नातवंडांनाच पाठवते. त्याने पुडीवर नाव लिहिले, अजोआ पोकुआ, आणि फटीतून म्हणाला, "सकाळी एक, जेवणाआधी." हात पुडी घेऊन गेला. बाहेर त्या मुलीने पुडीवर स्वतःचे नाव वाचले असणार.

गेल्या रविवारी ती पडली तेव्हा त्याने त्याचा पुडीशी संबंध लावला नव्हता. आज मामांनी दोन कार्डे ताटाशेजारी ठेवली आणि तो हात त्याच्या डोळ्यांपुढे आला. त्याच वेळी बोलायला हवे होते. तो बोलला नाही. मामा तासभर स्वतःचे डोके चाचपत होते आणि तो सूप वाढून घेत होता.

भीती वाटली म्हणावे, तर तेवढेच नव्हते. मामांची आठवण गेली असेल तर दवाखाना लवकर... हे तो मनात पुरते बोललाही नव्हता. पण हे आपल्या डोक्यात आले, हे त्याला कळले, आणि त्याने एक खुर्ची विनाकारण उचलून पुन्हा तिथेच ठेवली.

*

ते आले तेव्हा त्यांच्यासोबत एक मेंढा होता. पांढरा.

"भांडायला येणारे मेंढा आणत नाहीत," सेरवा दाराआडून पुटपुटली.

"मग कशाला आणतात?" अडोमाने विचारले.

"ते मला कळलं असतं तर मी इथे उभी राहिले असते का? कपडे कसले आहेत बघ."

"पांढरे."

"पांढरे म्हणजे आनंद, पण रविवारी सगळ्यांचेच पांढरे असतात. काय उपयोग!"

हस्तांदोलने झाली, उजवीकडून डावीकडे, कुणालाही न वगळता. मग पाणी. पाणी पिऊन होईपर्यंत येण्याचे कारण विचारायचे नसते आणि ते सांगून होईपर्यंत यजमानाने दुसरे काही बोलायचे नसते. मोठ्या माणसाने थेट बोलायचेच नसते. त्याचे शब्द त्याच्या बाजूचा माणूस पोचवतो. पाहुण्यांकडून न्सिया होता, उंच, खर्जातल्या आवाजाचा, गावातल्या अर्ध्या लग्नांत बोललेला. डॉक्टरांकडून, नेहमीप्रमाणे, न्यार्को.

डॉक्टरांचे लक्ष मुलीकडे होते. ती आजीशेजारी बसली होती, मांडीवर लाल पर्स. ती चालत आली होती, ही चांगली गोष्ट. तिच्या कपाळावर घाम होता. पण घाम सगळ्यांनाच आला होता, न्सियाचा तर गळा चमकत होता. उन्हाचा की गोळीचा? चाळीस वर्षे घाम बघितलेल्या माणसाला घामातला फरक कळू नये?

न्सिया पाण्याचा ग्लास ठेवून उभा राहिला.

"न्यार्को, डॉक्टरांच्या कानावर घाल," तो म्हणाला, डॉक्टर चार हातांवर बसलेले असताना. "आम्ही वाईट बातमी घेऊन आलेलो नाही. गेल्या रविवारी आमची मुलगी देवाच्या घरात पडली. आमच्या बायका किंचाळत होत्या, पुरुष एकमेकांच्या पायांवर पाय देत होते. तेव्हा या वयाच्या माणसानं जमिनीवर बसून तिच्या गालात साखरेचं पाणी सोडलं. स्वतःची गाडी दिली. तिथले डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर आज आम्ही काळे कपडे घातले असते. म्हणून पोकुआंचं घर आभार मानायला आलंय."

सेरवाने अडोमाकडे पाहिले. नाताळानंतर पहिल्यांदाच दोघींच्या नजरेत एकच गोष्ट होती. त्यांना काही माहीत नाही. सुटलो.

डॉक्टर न्यार्कोच्या बाजूला झुकले. "तिला विचार, पुडी कुठे आहे. आज सकाळी गोळी घेतली का."

न्यार्कोने घसा साफ केला. "डॉक्टर म्हणतात, करणारा देव. आम्ही फक्त जवळच्या बाकावर बसलो होतो."

पाहुण्यांत समाधानाची कुजबुज झाली.

डॉक्टर गोंधळले. आपण ते मनातच म्हणालो की काय? हल्ली असे होत असेल. ज्याला समोरचा माणूस आठवत नाही त्याला आपले ओठ हलले की नाही हे तरी कसे कळावे? ते पुन्हा झुकले, आणि या वेळी न्यार्कोचे मनगट धरून एकेक शब्द म्हणाले. "पुडी. कुठे. आहे. गोळी घेतली का आज."

न्यार्कोचे मनगट थंड होते. त्याने मामांकडे पाहिले नाही.

"डॉक्टर विचारतात, मुलीची तब्येत आता कशी आहे?"

"ठीक आहे," न्सिया म्हणाला. "जरा थरथरते अजून. अशक्तपणा."

मग डॉक्टर उभे राहिले. यजमान असा उभा राहिला की पाहुण्यांनाही उठावे लागते. न्सिया उभाच होता, बाकीचे तिघे उठले, म्हातारी बसून राहिली. डॉक्टरांनी न्सियाकडे पाहिले नाही, न्यार्कोकडे पाहिले नाही. थेट मुलीला म्हणाले, "पोरी, रक्तवाढीच्या गोळ्या म्हणून तू काय घेतेस ते दाखव मला."

"क्वाबेना!" सेरवा म्हणाली.

"हे काय?" न्सिया म्हणाला. "न्यार्को, त्यांना काय म्हणायचंय?"

मुलीने भांबावून पर्स उघडली. "याच ना? तुम्हीच दिलेल्या. रुग्णालयात असताना राहिल्या होत्या, आज सकाळी परत सुरू केल्या. चुकलं का?"

"जेवलीस?"

"चर्चला गेले नाही, झोपूनच होते. दुपारी थोडा भात."

"अडोमा, साखर घालून चहा. आत्ता. केळं पण. या गोळ्या तुझ्या नाहीत, पोरी. तुझ्या आजीच्या आहेत. मी चुकीच्या कार्डावर लिहिल्या. तू उपासानं पडली नाहीस."

मग म्हातारी पोकुआ बोलली, पुढे न्सिया उभा आहे हे विसरून. "म्हणजे माझ्या गोळ्या ही खात होती? आणि मी घरी येऊन डबे उघडतेय, म्हणतेय या घरात माझं औषध कोण आणणार!"

"आई, तुम्ही थेट बोलू नका," न्सिया कळवळून म्हणाला.

"तो बोलला की."

"मी दिल्या," न्यार्को म्हणाला.

तो इतका हळू बोलला की त्याला पुन्हा सांगावे लागले. "लिहिल्या मामांनी, दिल्या मी. मामांना आठवत नाही. मला आठवतंय. हात हिचा होता, मला दिसला होता. मला वाटलं आजीसाठी नेतेय. विचारलं नाही."

"तू गप्प बस!" सेरवाने त्याचा दंड धरला.

"दोन तास गप्पच होतो, आई."

चहा घेऊन आलेली अडोमा दारातच थांबली. तिने त्याच्याकडे पाहिले. तिला राग यायला हवा होता, तो आलाही. पण खात्री होईपर्यंत गप्प राहा असे सांगणारी तीच होती, आणि खात्री इतका वेळ खुर्च्या मांडत होती. तिने मुलीला खाली बसवले, शेजारी बसली आणि कप तिच्या ओठांना लावला.

न्सिया अजून उभाच होता. आयुष्यात पहिल्यांदा तो काय पोचवायचे आणि कुणाला, या पेचात सापडला होता. शेवटी त्याने ठरलेले वाक्य काढले. "आम्ही जरा म्हातारीला विचारून येतो."

बाजूला जाऊन मसलत करण्याआधी असे म्हणायची रीत आहे, म्हातारी असो नसो. आज ती होती.

"इथेच विचारा," पोकुआ म्हणाली. "माझ्यानं चालवत नाही. काय विचारायचंय?"

"की... आता आपण काय करायचं?"

"मला काय माहीत! यानं पाडली आणि यानंच उठवली. आभार मानून झाले, ते परत कसे घ्यायचे? तू एवढी लग्नं लावलीस, तूच सांग."

"असं कधी झालं नाही, आई."

"मग पुढच्या रविवारी सांगू. तोवर मला राग येतो का बघते."

कुणीतरी हसले, बहुधा घाबरून. सेरवाने पाहुण्यांना आणखी पाणी हवे का विचारले. नको म्हणाले. मेंढ्याचे काय करायचे हे कुणी विचारले नाही. तो कुंडीतले झाड खात होता आणि ते झाड आता कोणाचे नुकसान हेही ठरत नव्हते.

कप रिकामा झाल्यावर अडोमा मुलीला म्हणाली, "आत चल. बोटातून एक थेंब रक्त बघायचंय. आजची रात्र तू इथेच झोपायचंस, हे औषध लवकर उतरत नाही."

मुलगी उठली नाही. तिने डॉक्टरांकडे पाहिले. "तुम्ही बघा ना. या मला ओळखत नाहीत."

"मीही तुला ओळखलं नव्हतं," डॉक्टर म्हणाले.

ती पर्स उचलून अडोमाबरोबर आत गेली. दवाखान्याच्या बाजूचे दार लागले. न्यार्को खुर्च्या आवरू लागला, कुणी उठले नसताना, आणि सेरवाने या खेपेला त्याला काही म्हटले नाही. पोरगा आपला, भाऊही आपला. कोणासाठी उभे राहावे ते तिला समजेना, म्हणून ती बसली.

म्हातारी पोकुआ काठी शोधत होती. "बरं, पण माझ्या गोळ्या राहिल्याच," ती म्हणाली. "उद्या येते मी दवाखान्यात. उद्या कोण बसणार आहे?"

डॉक्टरांनी सवयीने न्यार्कोकडे मान वळवली, तो पोचवेल म्हणून. न्यार्कोच्या हातात दोन खुर्च्या होत्या. तो मामांच्या ओठांकडे पाहत थांबला. आता तो एकही शब्द बदलणार नव्हता. आणि म्हणूनच त्याच्याकडून काही म्हणवून घेणे डॉक्टरांना जमेना.

"मी नसेन," ते स्वतःच म्हणाले.

"काय?" म्हातारीने कानामागे हात धरला.

"मी नसेन," डॉक्टर मोठ्याने म्हणाले.